पहिलं धुणं

चारुलता खांबेट्यांनी जर्मनीत धुण्याचं दुकान काढलं ही बातमी मिरजेला पोचली, तेव्हा तिच्या थोरल्या जाऊबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "एवढी एम.एस्सी. झालीस, आणि शेवटी लोकांची धुणीच ना?" लोकांची धुणी लोकच धुणार होते, चारुलता नुसती मशीनं लावून देणार होती. पण जाऊबाईंना काही समजावून सांगायची तिची हौस केव्हाच फिटली होती.

वीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर वोल्फ्सबुर्गला आली ती सांगलीच्या ज्युनियर कॉलेजातली केमिस्ट्रीची नोकरी सोडून. भास्कर गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं बस्तान आठवड्यात बसलं. तिच्या डिग्रीला मान्यता मिळवायचे कागद मात्र तीन वर्षं फिरले आणि अर्धीमुर्धी मान्यता घेऊन परत आले. अर्ध्या मान्यतेवर अर्धी नोकरीही मिळत नाही. मग बालवाडीत मदतनीस, कँटीनमध्ये भाज्या चिरणं, दातांच्या डॉक्टरकडे फोन घेणं, असं करत करत तिची एक्कावन्न वर्षं झाली. कुठेही गेली तरी ती कोणाच्या तरी हाताखाली होती आणि कोणाची तरी बायको होती. तिला स्वतःचं असं एक दार हवं होतं, ज्याची किल्ली तिच्याच पर्समध्ये असेल. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे, कारण बोलून दाखवलं की भास्कर लगेच एक्सेल शीट उघडत असे.

ते दार मिळालं आल्टनवेर्डाला. भास्करला आता दोनच दिवस ऑफिसात जावं लागे, म्हणून स्वस्त घराच्या शोधात ते दोघं या गावी आले होते. एकेकाळी इथे कापडगिरण्या होत्या. बर्लिनची भिंत पडली, गिरण्या बंद झाल्या, तरुण माणसं पश्चिमेला गेली. मागे उरले रुंद रस्ते, भक्कम घरं आणि पडेल भाडी. रविवारी चौकात उभं राहिलं तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येई. भास्कर या गावाला वाळवंट म्हणायचा. "वाळवंटात कसला धंदा काढतेस?" तो म्हणाला.

"अहो, वाळवंटातच पाण्याचा धंदा चालतो," चारुलता म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गावात एक हॉखशूल होतं, म्हणजे तांत्रिक कॉलेज, आणि त्यात नाशिक-नागपूरपासून केरळपर्यंतची पोरं होती. एका खोलीत राहायची, खोलीत मशीन नाही. गावातला एकुलता एक वाशझालोन, म्हणजे मशीनवर धुण्याचं दुकान, वसंतात बंद पडला, कारण मालक थकला. त्याचीच सहा मशीनं चारुलताने उचलली आणि स्टेशनजवळ हाइनिकेबाईंच्या घराच्या तळमजल्यावर आणून लावली.

हाइनिकेबाई पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. येत्या रविवारी त्या ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. एकतीस वर्षं त्यांनी गिरणीत तपासणीच्या टेबलावर काढली होती. समोरून कापड सरकत जायचं आणि बाईंनी त्यावर बोट फिरवून खोट काढायची. ती सवय अजून गेली नव्हती. चारुलताने भाडेकरार वाचायला घेतला तेव्हा बाई टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसल्या होत्या. करार तीन महिन्यांचा होता. "तर, आधी तीन महिने बघू," त्या म्हणाल्या. "पटलं तर माझ्या वाढदिवसाला पाच वर्षांचा करू. नाही पटलं तर मशीनं उचलायची."

तीन महिने परवानग्या, नळ, वायरिंग यांतच गेले. कागदोपत्री शेवटच्या आठवड्यात दुकान उघडायला तयार झालं. पाच वर्षांच्या कागदावर सही झाली नाही, तर सहा मशीनं घेऊन जायचं कुठे? दुसरं दुकान शोधायचं बळ चारुलतामध्ये उरलेलं नव्हतं.

हाइनिकेबाईंना दुकानात रस होता त्याला कारण होतं. त्यांच्या तळघरातलं मशीन मोडलं होतं, आणि मुलगा येन्स नवीन आणून देत नव्हता. तो ड्रेस्डेनला असे. एप्रिलमध्ये बाई शेगडी चालू ठेवून बाजारात गेल्या होत्या, अग्निशमनवाले आले होते. तेव्हापासून येन्सने एका हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, त्यांचं नाव घालून ठेवलं होतं. बाई जायला तयार नव्हत्या. "ज्या दिवशी मला माझं धुणं नीट धुता येणार नाही, त्या दिवशी जाईन," असं त्यांनी येन्सला लेखी दिल्यासारखं सांगितलं होतं, आणि जिन्यात भेटेल त्यालाही सांगितलं होतं.

दुकान उघडलं दसऱ्याला, गुरुवारी. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त आणि यंत्रांची पूजा करायचा दिवस, तो सोडून दुसरा दिवस धरणं चारुलताला शक्यच नव्हतं. सकाळी सातला तिने सहाही मशीनांना झेंडूची माळ घातली. स्वस्तिक काढायचं नाही एवढी अक्कल वीस वर्षांत आली होती. पण हळदकुंकू? ते तर वाहायलाच हवं. बाहेरून वाहिलं तर गिऱ्हाइकाला ते डाग वाटणार. म्हणून तिने युक्ती केली. दाराजवळच्या पहिल्या मशीनला मानाचं मशीन ठरवलं, त्याचं गोल दार उघडलं आणि आत, रबराच्या कडेवर, कोणाला दिसणार नाही अशा जागी चांगली चिमूट चिमूट हळद आणि कुंकू वाहिलं. वर अक्षता. हात जोडून म्हणाली, "बाबा रे, चाल."

"पुसून घे हं नंतर," भास्कर म्हणाला.

"पुसते हो."

तिने अक्षता वेचल्या, दार पुसलं, काच पुसली. रबराची घडी मात्र तिने उलगडून पाहिली नाही. तेवढ्यात पाण्याच्या मीटरचा माणूस आला आणि राहिलं ते राहिलंच.

दुपारी हाइनिकेबाई वेताची टोपली घेऊन खाली आल्या. पहिलं धुणं त्यांचं, हे आधीच ठरलेलं होतं. टोपलीत एक पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ होतं, पांढऱ्यावर पांढरी वेल विणलेलं. गिरणी बंद झाली त्या आठवड्यात शेवटच्या ताग्यातून बाईंनी स्वतः कापून घेतलेलं. वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या कॉफीला ते निघे. त्यांनी ते मानाच्या मशीनमध्ये घातलं, चारुलताने पावडर टाकली, दार लावलं. दोघी समोरच्या बाकावर बसल्या आणि कापड गरगर फिरताना बघत राहिल्या. चारुलताला त्या तासाभरात फार बरं वाटलं.

मशीन थांबलं. बाईंनी दार उघडून कापड ओढलं, आणि मधोमध तळहाताएवढा तांबडा डाग होता. त्याला लागून तीन-चार लहान.

चारुलताला तो रंग बघताक्षणी कळला. सांगलीच्या प्रयोगशाळेत दर जूनमध्ये ती अकरावीच्या पोरांना हेच दाखवत असे: हळद पिवळी, तिला साबण लागला की लाल, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. कुंकू तरी काय, हळदीला चुना लावूनच करतात. ज्या बाईने हे आठ वर्षं शिकवलं, तिनेच साबणाच्या मशीनमध्ये हळद घातली होती. तिने तोंड उघडलं.

पण हाइनिकेबाई आधी बोलल्या. त्या टोपलीकडे बघत होत्या. टोपलीच्या तळाशी लाल चौकड्यांचं स्वयंपाकघरातलं एक फडकं पडलं होतं. "हे मी सोबत आत घातलं," त्या म्हणाल्या. "पांढऱ्यात लाल घातलं. मी."

"नाही, तुम्ही..."

"हो, हो. मीच." त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "एकतीस वर्षं, फ्राउ खांबेटे. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक खोट सुटली नाही." मग त्यांनी ओलं कापड टोपलीत कोंबलं. तळाशी असलेलं फडकं निसटून बाकावर पडलं, ते चारुलताने उचलून त्यांच्या हाती दिलं. फडकं कोरडं ठणठणीत होतं. ते मशीनमध्ये गेलंच नव्हतं. बाईंनी ते न बघताच टोपलीत टाकलं आणि कठडा धरून त्या जिना चढून गेल्या.

चारुलताने मशीनच्या रबराची घडी उलगडली. आत लाल राड होती. ती तिने पुसून काढली, तीनदा.

संध्याकाळी भास्करला तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कुठलीही अडचण आपोआप मिटलेली आवडत असे. "त्या स्वतःच म्हणाल्या ना, चूक माझी म्हणून?" तो म्हणाला. "मग आपण कशाला मध्ये? झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी सही होऊ दे, मग हळूच सांग. सहा महिन्यांनी सांग. हसतील त्या."

"त्या नाही हसणार."

"मग सांगूच नको."

शुक्रवारी सरकारी सुट्टी, शनिवारी पाऊस. हॉखशूलची पोरं आली, पिशव्या भरभरून आली, आणि सहाही मशीनं चालली. एक नाशिकची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही देवासारख्या आलात." एरवी चारुलताने हे वाक्य चार दिवस पुरवून खाल्लं असतं. तिचं लक्ष जिन्याकडे होतं. हाइनिकेबाई दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. दर शनिवारी पहाटे जिना पुसायचा त्यांचा नेम होता, तोही चुकला. शनिवारी दुपारी ती वर जाऊन दारापाशी उभी राहिली, घंटीवर बोट ठेवलं आणि खाली परत आली. सांगितलं तर दुकान जाईल, आणि नाही सांगितलं तर फक्त एक म्हातारी बाई दोन दिवस उदास राहील. या हिशेबाने तिने स्वतःला समजावलं. तो हिशेब चुकीचा आहे हेही तिला माहीत होतं. भित्रेपणा माणसाला फार व्यवस्थित वाक्यं सुचवतो.

रविवारी तीन वाजता खांबेटे जोडपं फुलं घेऊन वर गेलं. येन्स आला होता, पन्नाशीचा, दमलेला, आईवर माया असलेला माणूस. टेबलावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं आच्छादन होतं. केक दुकानातून आणलेला होता. बाईंनी केस विंचरले होते, पण त्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. तिथे येन्स होता.

कॉफी ओतून झाल्यावर येन्स म्हणाला, "आईने ठरवलंय. नोव्हेंबरपासून ती हाइममध्ये जातेय. जागा आहे."

हाइनिकेबाई केक कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही काळजी करू नका," तो चारुलताला म्हणाला. "घर मी सांभाळणार. तुमचा पाच वर्षांचा करार मी छापून आणलाय. आईने सही केलीय, तुमची तेवढी राहिली." त्याने कागद सरकवला. वर पेन ठेवलं. खाली निळ्या शाईत बाईंची सही होती, थोडी तिरकी.

भास्करने टेबलाखालून बायकोच्या पायाला हलकेच पाय लावला. चारुलताने पेन उचललं. तिचं दार, तिची किल्ली, पाच वर्षं. तिला फक्त नाव लिहायचं होतं, आणि नाव तिला लिहिता येत होतं.

"आई, तुझी प्लेट," येन्स म्हणाला आणि त्याने आईसमोरचा केक स्वतःच बारीक तुकडे करून ठेवला, लहान मुलाला द्यावा तसा. बाईंनी तो निमूट खाल्ला.

चारुलताने पेन खाली ठेवलं.

"फ्राउ हाइनिके, ते टेबलक्लॉथ कुठे आहे?"

"कचऱ्यात टाकायला काढलंय. का?"

"आणा. आणि व्हिनेगर आणा. आणि कपड्याची पावडर, चमचाभर."

येन्स आईकडे बघू लागला. भास्कर केककडे बघू लागला. बाईंनी कापड आणलं. चारुलताने प्लास्टिकवर ते पसरलं, डाग वर घेतला आणि चमच्याने त्यावर व्हिनेगरचा एक थेंब सोडला. थेंब पडला तिथे तांबड्याचं पिवळं झालं. मग तिने पावडर पाण्यात कालवून त्याच ठिकाणी बोटाने लावली. पिवळ्याचं पुन्हा तांबडं झालं.

"फडक्याचा रंग असा बदलत नाही," ती म्हणाली. वीस वर्षांनी तिचा आवाज वर्गातला झाला होता आणि तिला तो थांबवता येत नव्हता. "ही हळद आहे. आम्ही नव्या यंत्राची पूजा करतो, त्याला हळदकुंकू लावतो. मी ते आतल्या रबराला लावलं, कोणाला दिसू नये म्हणून. पुसायला विसरले. विसरले ती मी. तुमचं फडकं मशीनमध्ये गेलंच नव्हतं. ते कोरडं होतं. मी हातात घेऊन पाहिलं होतं."

बाईंनी व्हिनेगरची बाटली ओढून घेतली आणि शेजारच्या छोट्या डागावर स्वतः एक थेंब टाकला. पिवळं झालं. त्यांनी दुसऱ्यावर टाकला. तिसऱ्यावर टाकला. मग त्या ताठ बसल्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी कधी?"

"मशीनचं दार उघडलं तेव्हाच."

"म्हणजे मी जिना चढत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," चारुलता म्हणाली. तिला लाज वाटली. माफ करा म्हणायचं तिने ठरवलं होतं, ते तिला तेव्हा आठवलंच नाही.

हाइनिकेबाई मुलाकडे वळल्या. "उद्या हाइममध्ये फोन कर. म्हणावं, माझी जागा जिला गरज आहे तिला द्या."

"आई, शेगडीचं काय?"

"शेगडी विसरले ती विसरले. तिला घंटी लावून दे. हे मी विसरले नव्हते." त्यांनी पाच वर्षांचा कागद उचलला, स्वतःच्या सहीवर एक आडवी रेघ मारली आणि त्याची चौपट घडी घातली. "तीन दिवस गप्प राहिलात, फ्राउ खांबेटे. म्हणून आणखी तीन महिने. मग बघू."

"गेनाऊ, अगदी बरोबर," भास्कर म्हणाला, कारण शांतता त्याला सहन होत नसे. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

चारुलता म्हणाली, "डाग जाईल. साबणाने नाही, उन्हाने जातो. आमच्याकडे वाळत घातलं की दुपारपर्यंत उडतो. आत्ता मागच्या अंगणात ऊन आहे."

"आज रविवार आहे," हाइनिकेबाई म्हणाल्या. रविवारी अंगणात धुणं वाळत घालायचं नाही, हा घराचा नियम जिन्यात त्यांनीच चिकटवला होता. "उद्या."

जाताना येन्स दारापर्यंत आला. तो आभार मानणार की रागावणार, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं. त्याने नुसता हात मिळवला. खाली आल्यावर भास्कर म्हणाला, "पाच वर्षं हातात होती, चारू." ती म्हणाली, "माहीत आहे हो." एवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं, कारण दोघांनाही आपापली बाजू पाठ होती.

सोमवारी ऊन पडलं, ऑक्टोबरात पडतं तसं, फिकट पण दिवसभर. मागच्या अंगणात टेबलक्लॉथ दोरीवर होतं आणि बाईंनी खिडकीत खुर्ची ओढून त्यावर पहारा ठेवला होता. दर तासाला ऊन सरके तसं त्या खाली येऊन कापड सरकवत. दोन वाजता तांबडं पिवळसर झालं होतं. साडेचारला शोधावं लागत होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, कापड उजेडासमोर धरलं, घडी घातली.

मग त्या टोपली घेऊन दुकानात आल्या. टोपलीत पांढऱ्या चादरी होत्या. दुकानात तीन पोरं बसली होती, बाकीची मशीनं रिकामी होती, तरी बाई सरळ पहिल्या मशीनपाशी गेल्या. दार उघडलं. रबराची घडी उलगडली आणि पूर्ण गोल, कुठेही घाई न करता, आतून बोट फिरवलं. बोट खिडकीकडे धरून पाहिलं. स्वच्छ होतं. त्यांनी एक एक चादर झटकून आत घातली, दार लावलं, कळ दाबली.

टोपलीच्या तळाशी लाल चौकड्यांचं फडकं होतं. ते त्यांनी काढलं, नीट चौकोनी घडी घातली आणि चारुलताच्या हातात दिलं.

"हे धरा," त्या म्हणाल्या. "माझं झाल्यावर परत द्या. म्हणजे ते कुठे होतं हे दोघींच्या लक्षात राहील."

त्या बाकावर बसल्या. चारुलता ते कोरडं फडकं हातात धरून मशीन थांबेपर्यंत शेजारी उभी राहिली.